2007 च्या जुलैत हॅरी पॉटरचा पिक्चर आणि शेवटचं पुस्तक एकाच महिन्यात आलं, तेव्हा मुंबईत खरंच एवढी क्रेझ होती का?

होती म्हणजे काय, वेडच होतं! पाचवा पिक्चर आला आणि लगेच 21 जुलैला सातवं पुस्तक, त्यात पावसाळा, तरी पोरं पहाटेच दुकानाबाहेर रांगेत, सोबत जांभया देणारे आईबाप. पिक्चरचं म्हणाल तर मला तरी तो घाईघाईत उरकल्यासारखा वाटला, कारण पाचवं पुस्तक मालिकेतलं सगळ्यात जाडजूड, ब्रिटिश आवृत्ती 766 पानांची, आणि पिक्चर फक्त 138 मिनिटांचा, तोवरच्या पाचांत सगळ्यात छोटा! पण त्यातली छळवादी शिक्षिका अम्ब्रिजबाई मात्र कडक जमल्यात, अशी एक बाई प्रत्येक शाळेत असतेच.

खरं टेन्शन होतं ते स्पॉयलरचं, म्हणजे वाचायच्या आधीच शेवट कळण्याचं. सातव्या पुस्तकाच्या पानांचे फोटो आधीच नेटवर फुटलेले, त्यामुळे हॅरीचा शिक्षक स्नेप चांगला की वाईट, हॅरी जगतो की मरतो हे कोणी बोलायला लागलं की आम्ही सरळ कानात बोटं घालायचो, आणि लोकलमध्ये कोणाच्या हातात ते पुस्तक दिसलं की आधी तो कितव्या पानावर आहे ते बघायचो. आणि हो, थोड्याच दिवसांत सिग्नलला पायरेटेड कॉपी पण विकायला आल्या, शाई हाताला लागायची पण चालायचं.