शेवाळ आणि उंदराची तुलना करता येते का?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मुलगी अकरावी सायन्सला आहे, प्रोजेक्टसाठी तिनं क्लॅमिडोमोनास हे शेवाळ आणि सिंहगडावरचा कोंढाणा उंदीर असा विषय घेतलाय. घरचे सगळे म्हणतात काहून असा विषय, एक डोळ्याला दिसत नाही अन् दुसरा पार पुण्याकडं राहतो, यांची काय तुलना? विषय बदलायला सांगू का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, अजिबात बदलू नका, फार चांगला विषय निवडलाय पोरीनं. साचलेलं हिरवट पाणी कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा. क्लॅमिडोमोनास म्हणजे एकच पेशी, मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढी, आत उजेडावर अन्न बनवणारं हिरवं हरितलवक, कडेला उजेड ओळखणारा नारिंगी ठिपका अन् पुढं दोन कशाभिका, म्हणजे चाबकासारखे बारीक तंतू, त्या हलवत ती पोहते. आता खरी गंमत बघा, या कशाभिकेच्या आत कडेनं नऊ जोड्या सूक्ष्मनलिका असतात अन् मधे दोन, आणि उंदराच्या श्वासनलिकेतले हलते तंतू, शुक्राणूची शेपटी, सगळं याच रचनेचं, आपलंसुद्धा! 2000 साली तर असं दिसलं की या शेवाळात कशाभिका बनवायला जो जीन लागतो त्याचाच भाऊबंद प्रयोगशाळेतल्या उंदरात बिघडला की त्याच्या मूत्रपिंडात गाठी होतात. शंभर कोटी वर्षांहून जुनं नातं आहे हे, म्हणून तुलना होतेच.

अन्नाचा फरक सगळेच लिहितात, एक उजेडावर स्वतःचं अन्न बनवतं, दुसरा खाऊन जगतो, तो दोन ओळीत संपवा.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. नायट्रोजन संपला की या शेवाळाच्या दोन पेशी एकत्र येतात, भोवती जाड भिंत तयार होते अन् तळं आटलं तरी ते सुकलेल्या मातीत पडून राहतं, पाणी आलं की परत सुरू. उंदराला ही सोय नाही. कोंढाणा उंदराची शास्त्रीय नोंद 1975 सालची, आणि ती सिंहगडाच्या पठारावरची, तो रात्री फिरतो, बिळात राहतो. आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेच्या यादीत तो संकटग्रस्त आहे, आणि त्याच गडावर पर्यटकांची गर्दी, कचरा, तुडवलेली झुडपं हे सगळं वाढतंय, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तिथून हटला तर जायला फारशी जागाच नाही त्याला.

म्हणून फरकाच्या तक्त्यात 'राहण्याची जागा' या रकान्याला तिला भरपूर जागा ठेवायला सांगा, अन् त्यात सिंहगडाचा नकाशा चिकटवू द्या.