जळगावात भाडेकरूलाच घर विकायचं आहे, मध्ये दलाल नाही. रास्त किंमत कशी ठरवावी?

जागेची आणि बांधकामाची किंमत वेगवेगळी काढून बेरीज करा, आणि ती तुमच्याच गल्लीत गेल्या वर्षभरात नोंदवलेल्या खरेदीखतांशी ताडून पाहा. मी खरेदीखतांचंच काम करतो, म्हणून सांगतो: शेजारी काय बोलतात त्यापेक्षा सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, बघा. नोंदणी व मुद्रांक शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च'मध्ये ती सापडते. त्यात क्षेत्रफळ, मोबदला आणि सरकारी बाजारभाव शेजारी शेजारी लिहिलेले असतात. तीन-चार दस्त काढले की चौरस मीटरचा चालू दर कळतो.

बांधकामातून वयाप्रमाणे घसारा वजा करा. जुनं धाब्याचं घर असेल तर भिंतींना फारसं मोल उरत नाही, पण सागवानी खांब-सऱ्या चांगल्या असतील तर त्यांचा भाव सुताराकडून वेगळा काढून घ्या; लोक तो हमखास विसरतात.

एक मात्र ध्यानात ठेवा. दस्तावरचा आकडा कधी कधी खऱ्या व्यवहारापेक्षा कमी असतो, आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेले जागेचे दर) म्हणजे काही खरा बाजारभाव नव्हे. तरीही त्याच्या फार खाली उतरू नका: मुद्रांक शुल्क तुमची किंमत आणि या दरांनी काढलेलं सरकारी मूल्य यांतल्या जास्त रकमेवरच लागतं, आणि सरकारी मूल्य तुमच्या किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त भरलं तर प्राप्तिकरात तुमचा नफा त्या मूल्यावरून मोजला जातो. दोघांचं जमत नसेल तर निम्मा-निम्मा खर्च करून नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या.