बेसाचा फ्लॅट की पायी जायची शाळा?

तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही नागपुरात त्रिमूर्ती नगरात भाड्यानं राहतो, भाडं 14 हजार. मुलगा चौथीत आहे, पायी दहा मिनिटांवरच्या अनुदानित मराठी शाळेत, सेमी इंग्रजीला. मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 95 हजार, शिल्लक 12 लाख. नवरा म्हणून राहिलाय की बेसाला 42 लाखात नवा टू बीएचके मिळतोय, तिथंच जवळ सीबीएसई शाळा आहे, दोन्ही मुलांना तिथं टाकू, ट्यूशनचीही कटकट राहणार नाही. शाळेची फी आणि बस मिळून एका मुलाचे वर्षाला 90 हजार सांगितले. माझं म्हणणं असं की शेजारच्या प्रतापनगरातच घेऊ, पण इथं तसाच फ्लॅट 68 लाखाचा आहे. सासूबाई म्हणतात चांगल्या शाळेजवळ घर असलं की ऍडमिशनची चिंता नसते. रोज रात्री जेवताना हाच विषय निघतो, डोक्याचं पार दही झालंय. काय करावं?
– एक आई, त्रिमूर्ती नगर

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचं बोलणं बाजूला ठेवू, कारण अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे अमुक एरियात राहता म्हणून तमुक शाळेत हक्कानं जागा मिळते असा नियमच नाही. घराच्या पत्त्याला वजन आहे ते आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के मोफत जागांमध्ये, तिथं अंतर मोजतात (खालचं दुसरं पत्र त्यावरच आहे). बाकी खाजगी शाळा आपापल्या मर्जीनं मुलं घेतात आणि अनुदानित शाळेत जागा असेल तर पार लांबच्या दिघोरीचं पोरगंही बसतं. म्हणजे प्रतापनगरात 26 लाख जास्त देऊन तुम्ही ऍडमिशन विकत घेत नाही, रोजचा वेळ विकत घेता. तो महत्त्वाचाच आहे हो, पण काय घेतोय ते माहीत असलेलं बरं.

आता हिशेब. 68 लाखाच्या फ्लॅटचं स्वप्न सध्या मिटवूनच टाका, मी स्पष्ट सांगते. 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जाला बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांच्या वर देऊ शकत नाही, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, आणि स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे साधारण साडेतेरा लाख स्वतःचे, वरून रजिस्ट्री वगैरेचे चार-पाच लाख, एवढी रोकड तुमच्याकडे नाही. आणि नातेवाइकांकडून उसने घेऊन केलंच तरी 54 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यानं 20 वर्षांसाठी म्हणजे हप्ता 47 हजारांच्या जवळ, पगाराचा निम्मा भाग पहिल्या तारखेलाच गेला.

मग बेसा. 12 लाखांतले तीनेक लाख रजिस्ट्री, वकील, पंखे-पडदे यात जाणार, ते कोणीच आधी धरत नाही. राहिले 9, कर्ज 33 लाख, हप्ता साधारण 28,600. दोन मुलांची फी-बस 1 लाख 80 हजार, म्हणजे महिन्याला 15 हजार. झाले 43,600. आज झेपेल, नाही असं नाही. पण हप्ता बराचसा तिथंच राहतो आणि फी चढत जाते. फी वर्षाला 10 टक्क्यांनी वाढली असं धरा, तर सहा-सात वर्षांत ती सव्वातीन-साडेतीन लाखांवर जाते, म्हणजे तेव्हा फीच हप्त्याएवढी होऊन बसेल, आणि नेमका त्याच वेळी मुलगा दहावी-अकरावीला आलेला असेल, खरा खर्च तर तेव्हा सुरू होतो. फी कायद्यानुसार, म्हणजे 2011 चा महाराष्ट्राचा फी नियमन कायदा, शाळेला पालकांच्या कार्यकारी समितीपुढे फी ठेवावी लागते आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. ही समिती तिथं खरंच भरते का, की सह्या घरी पाठवून घेतात, ते बेसातल्याच एखाद्या पालकाला विचारा.

ट्यूशनची कटकट राहणार नाही हे तुमच्या मिस्टरांना कोणी सांगितलं? मनीष नगर-बेसा पट्ट्यात प्रत्येक दुसऱ्या बिल्डिंगखाली पाचवी ते दहावी, ऑल सब्जेक्ट असा फ्लेक्स लागलाय, त्यात बसणारी पोरं कुठल्या शाळेची असतात वाटतं? फी भरायची आणि ट्यूशनही लावायची हेच चालू आहे सगळीकडे. सातवीपर्यंतची ट्यूशन बहुतेक वेळा शाळा वाईट म्हणून लागत नाही, आईबापाला संध्याकाळी बसायला वेळ नाही म्हणून लागते. मग तो वेळ वाचतो कुठं हे बघायला पाहिजे ना. सकाळी बेसा चौकातून मनीष नगरकडे निघालं की स्कूल व्हॅन, दुचाक्या, मिहानच्या ड्युटीवाले सगळे एकाच वेळी रस्त्यावर, आणि पावसाळ्यात नरेंद्र नगरच्या पुलाखाली पाणी साचलं की त्या दिवसाचं काही खरं नाही. मुलांची शाळा जवळ होईल पण तुमच्या दोघांची ऑफिसं तर आहेत तिथंच राहणार, आणि संध्याकाळी सातला दमून आलेली आई चौथीचा भागाकार घेऊन बसत नाही.

तिसरी गोष्ट सुचवते, ऐकायला फार झकपक नाही. त्रिमूर्ती नगर, दीनदयाल नगर, स्वावलंबी नगर, जयताळा रोड या तुमच्याच पट्ट्यात पंचवीस-तीस वर्षांच्या तीन-चार मजली अपार्टमेंट आहेत, लिफ्ट नसलेल्या, तिसऱ्या माळ्यावरचे फ्लॅट लोक टाळतात म्हणून भाव पडलेला असतो. शोधलं तर बेसाच्या नव्या फ्लॅटच्या आसपासच्या किमतीत निघतात. बँक इमारतीचं वय बघते, शिल्लक आयुष्य कमी वाटलं तर कर्जाची वर्षं कमी करते, म्हणून टोकन देण्याआधी बँकेच्या व्हॅल्युअरला दाखवा, गच्ची गळते का हे पावसाळ्यात बघा (उन्हाळ्यात सगळ्याच गच्च्या चांगल्या असतात) आणि सोसायटी रजिस्टर आहे का विचारा. हप्ता तेवढाच साधारण 28-29 हजार, पण महिन्याचे फीचे 15 हजार वाचले. त्यातले दोन-अडीच हजार लागलीच तर ट्यूशनला, उरलेले दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका आणि मुलाच्या अकरावीपर्यंत हात लावू नका. सासूबाईंचे गुडघे काय म्हणतात ते मात्र आधी विचारून घ्या, तीन मजले रोज चढणं गंमत नाही.

आता हे सगळं कधी लागू, तर तुमची आताची शाळा धड असेल तर. अनुदानित म्हटलं की चांगलीच किंवा वाईटच, दोन्ही खरं नाही. राज्यात 2012 ला शिक्षक भरतीवर बंदी आली, नंतर पवित्र पोर्टलवरून भरती सुरू झाली तरी पुष्कळ शाळांत कोणी रिटायर झालं की ती जागा कितीतरी महिने तशीच पडून राहते आणि गणिताच्या तासाला चित्रकलेचे सर येऊन बसतात. म्हणून नववी-दहावीला गणित, विज्ञान, इंग्रजी कोण शिकवतं, कायम आहेत की तासिका तत्त्वावरचे, हे हेडमास्तरांना सरळ विचारा, त्यात लाजायचं काय. यू-डायसच्या सरकारी पोर्टलवर शाळेचं नाव टाकलं की पट आणि शिक्षकसंख्या दिसते, पट दरवर्षी उतरत असेल तर उद्या तुकडी बंद होऊ शकते. आणि सगळ्यात सोपं म्हणजे मुलाची वही उघडा. चुकलेलं गणित बाईंनी खोडून बाजूला करून दाखवलंय, का पानाखाली नुसती लाल पेनची सही आणि तारीख आहे, आणि मधली चुकीची उत्तरं तशीच? दोन-तीन विषयांच्या वह्या बघितल्या की जे कळतं ते कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. बेसाच्या शाळेतल्या एखाद्या मुलाचीही वही मागून बघा, शेजारधर्म आहे, देतात लोक. सीबीएसई शाळांना निकाल, शिक्षकांची संख्या, फी हे सगळं आपल्या वेबसाइटवर जाहीर करणं बंधनकारक आहे, तेही वाचा, आणि नसेलच टाकलं तर त्यावरूनही काय ते समजा.

सीबीएसई केलं म्हणजे पुढं डॉक्टर-इंजिनीअर असा जो समज आहे त्याबद्दल इतकंच की राज्यातल्या इंजिनीअरिंगच्या बहुतेक जागा ज्या एमएचटी-सीईटीवर भरतात तिचा अभ्यासक्रम राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीचा असतो. मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेला एनसीईआरटीची पुस्तकं लागतात हे खरं, पण तीही अकरावी-बारावीचीच, चौथीची नाही. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकून अकरावीला बदलणारी पोरं नागपुरात रग्गड आहेत. अकरावीचा प्रवेश तर आता सगळ्या राज्यात ऑनलाइन, दहावीच्या मार्कांवर, तेव्हा तुमचं घर कुठं हे कोणी विचारत नाही. तेव्हा प्रश्न येतो कोचिंगचा, आणि शंकर नगर, धरमपेठ, रामदासपेठेतल्या क्लासला त्रिमूर्ती नगरातून सायकलनंही जाता येतं, बेसाला राहिलात तर रात्री साडेआठला क्लासमधून सुटलेल्या पोरीला आणायला रोज कोणालातरी निघावं लागतं. आणि हो, सहावी-सातवीपासून फाउंडेशन कोर्स लावा म्हणून फोन येतील तेव्हा सांगा की केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 16 वर्षांखालच्या मुलाला कोचिंगमध्ये घ्यायचंच नाहीये. बघा फोन कसा ठेवतात.

तरीही बेसालाच जायचं ठरलं, तर निदान लेआउटचे कागद नीट बघा, मंजूर नकाशा आहे का, एनए आहे का, आरएल म्हणजे रिलीज लेटर आहे का, आणि मुलाला पाचवीला मध्येच न उचलता मुलीच्या पहिलीपासून तिथं सुरुवात करा. दोघं दोन शाळांत असले तर काही बिघडत नाही, फक्त डब्याच्या वेळा दोन होतात.

प्रश्न : मी कळमना मार्केटात हमाली करतो. पोरगा पहिलीत टाकायचा आहे. कोणी म्हणते चांगल्या इंग्लिश शाळेजवळ खोली घेतली तर आरटीईत फुकट नंबर लागते. खोली बदलून पाहू का?
– एक वाचक, पारडी

उत्तर : भाऊ, अर्धी गोष्ट खरी आहे. लॉटरीत आधी 1 किलोमीटरच्या आतली मुलं धरतात, मग 1 ते 3 किलोमीटरची. पण जवळ राहिलं म्हणजे नंबर लागलाच असं नाही, शेवटी सोडतच आहे. फॉर्मवर 10 शाळा टाकता येतात, म्हणून आताच्या खोलीपासून 1 किलोमीटरच्या आत कोणकोणत्या शाळा आहेत ते आधी सायबर कॅफेत बसून नकाशावर बघून घ्या, कदाचित खोली बदलायची गरजच पडणार नाही. बदलायचीच असेल तर नुसता नोटरीचा कागद चालत नाही, भाडेकरार रजिस्टर केलेला लागतो आणि तोही फॉर्म भरायच्या आधीचा. पत्ता खोटा टाकू नका, तपासणीत सापडला तर मिळालेली जागा जाते. उत्पन्नाची 1 लाखाची अट खुल्या गटातल्या गरिबांसाठी आहे, एससी, एसटी, ओबीसी, व्हीजेएनटी असाल तर ती नाही, जातीचा दाखला मात्र काढून ठेवा, ऐन वेळी सेतू केंद्रात रांग असते.

मध्ये 2024 ला सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून 1 किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी शाळांना आरटीईतून सूट देणारा नियम आला होता, त्यामुळे कोणी तुम्हाला आता आरटीई बंद झालं म्हणून सांगेल. तो नियम मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत रद्द केला.

पण एक गोष्ट नीट ऐका, ही फी माफी आठवीपर्यंतच असते. नववीत त्याच शाळेत ठेवायचं तर पूर्ण फी भरा म्हणतात, आणि तोवर पोराचे सगळे मित्र तिथले झालेले असतात. आठ वर्षांनी ती फी निघेल का याचा विचार आजच करा, नाहीतर महानगरपालिकेनं आकांक्षा फाउंडेशनसोबत इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढल्या आहेत, त्यातली तुमच्याकडून जवळ कोणती पडते तेही एकदा जाऊन बघा. तिथं आरटीईच्या लॉटरीच्या तारखेची वाट बघत बसावं लागत नाही.

प्रश्न : महालात आमचं वडिलोपार्जित घर आहे. नातवाला वर्धा रोडच्या शाळेत घालायचं म्हणून मुलगा घर विकून तिकडे फ्लॅट घेऊ म्हणतो. मन तयार होत नाही.
– एक आजोबा, महाल

उत्तर : आजोबा, मन बाजूला ठेवलं तरी व्यवहारानंही घाई करण्यासारखं काही नाही. वडिलोपार्जित म्हणजे बहुतेक वेळा भाऊ-बहिणी, पुतणे यांच्या सह्या आल्याच, आणि त्या गोळा होईस्तोवर नातू दुसरीत जाईल. मुलाला म्हणावं, शाळा आवडली आहे ना, मग ऍडमिशन घे आणि 11 महिन्यांच्या करारानं तिकडे भाड्याचा फ्लॅट घेऊन राहा. शाळा कशी आहे, फी झेपते का, सूनबाईंना तिकडे करमतं का, सगळं त्यात कळेल. महालाचं घर तोवर कुठं पळत नाही, शनिवार-रविवार नातवाला इकडे पाठवा म्हणावं.