यकृतात पोचलं म्हणजे गाठीत पोचलं असं नाही

यकृताच्या कॅन्सरमध्ये नॅनोकणांतून औषध पोचवण्यावर पीएच.डी. करायची आहे, दोन देशांतल्या दोन लॅबनी होकार दिलाय, कुठे जाऊ ताई, असं तू विचारलंस. याच विषयासाठी नऊ वर्षांपूर्वी मी घर सोडलं आणि मध्येच लॅब बदलावी लागली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोघांनाही आधी एवढंच विचार: शिरेतून दिलेले कण यकृतात गेल्यावर कोणत्या पेशींत शिरतात, हे तुमच्याकडे कोण आणि कसं मोजतं?

यकृत असे कण पकडण्यात तरबेज असतं. रक्तात सोडलेल्यांपैकी मोठा वाटा तिथेच अडकतो, त्यामुळे नवख्याला वाटतं, अर्धं काम आपोआप झालं. पण त्यांना गिळतात त्या मुख्यतः कुप्फर पेशी, म्हणजे यकृतातल्या भक्षक पेशी. गाठ शेजारीच उपाशी राहते. त्यात निरोगी यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीला सुमारे १०० ते १५० नॅनोमीटरची छिद्रं असतात, ती सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कठीण होत जातं तेव्हा, बुजत जातात; आणि हा कॅन्सर बहुतेकदा सिरोसिस झालेल्या यकृतातच होतो. उंदराच्या कातडीखाली वाढवलेल्या गाठीत यातलं काहीच दिसत नाही. माझी पहिली लॅब तिथेच अडली होती. दर सहा महिन्यांनी नवा कण, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची सुरेख चित्रं, आणि सिरोसिसचं मॉडेल मागितलं की ‘पुढच्या वर्षी बघू’. माझी दोन वर्षं गेली, त्याचं अजून वाईट वाटतं.

निघण्याआधी फसलेल्या चाचण्या वाच, यशस्वी पेपरांपेक्षा जास्त मन लावून. थर्मोडॉक्स हे उष्णतेने फुटणारं लायपोसोम, म्हणजे औषध भरलेला मेदाचा सूक्ष्म बुडबुडा. रेडिओ लहरींनी गाठ जाळायची आणि तापलेल्या कडेला डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध सोडायचं, ही कल्पना मला आजही देखणी वाटते. २०१३ मध्ये रुग्णांवरच्या चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात ती उद्दिष्ट गाठू शकली नाही. ज्या रुग्णांची गाठ जास्त वेळ तापवली होती त्यांना फायदा दिसला म्हणून पुन्हा मोठी चाचणी झाली, तीही २०२० मध्ये निष्फळ ठरली. लिव्हाटॅग या डॉक्सोरुबिसिनच्याच नॅनोकणांचं तसंच झालं, २०१७ मध्ये. लायपोसोममधून सूक्ष्म आरएनए देणारं एमआरएक्स३४ तर पहिल्याच टप्प्यात, २०१६ मध्ये, रोगप्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावं लागलं. म्हणून लॅबमध्ये एंडोटॉक्सिनची, म्हणजे जिवाणूंच्या विषारी अंशांची, तपासणी आणि मानवी रक्तावरच्या चाचण्या नेहमी होतात का, हेही विचार.

पॅटिसिरान, म्हणजे मेदकणांतून यकृतात आरएनए पोचवणारं औषध, २०१८ मध्ये मंजूर झालं, ते उदाहरण तुला सगळे देतील. त्याच्या मेदकणांवर रक्तातलं अपोलायपोप्रोटीन ई हे प्रथिन बसतं आणि यकृतपेशी त्यांना आत ओढून घेतात. पण ते सामान्य यकृतपेशींसाठी आहे. कॅन्सरपेशी जितकी बिघडलेली, तितकी ती यकृतपेशीची ओळख गमावत जाते. गॅलनॅक ही औषधाला यकृतपेशीकडे नेणारी साखर पेशीवरच्या ज्या रिसेप्टरला चिकटते, तोही तिच्यावर कमी होतो. ग्लायपिकॅन-३ हे प्रथिन गाठीवर वाढलेलं सापडतं, म्हणून तिथे मला जास्त आशा वाटते.

आणखी एक. यकृताला बहुतेक रक्त पोर्टल शिरेतून येतं, गाठीला मात्र मुख्यतः यकृत धमनीतून. कॅथेटरने धमनीत औषध सोडणारा रेडिओलॉजिस्ट ज्या लॅबच्या हाताशी आहे, ती लॅब नावाने लहान असली तरी मी तिच्या बाजूने झुकेन. रुग्णांच्या शस्त्रक्रियेतून काढलेलं ऊतक मिळत असेल तर आणखी उत्तम.

कागदपत्रांचं थोडक्यात: शिष्यवृत्ती किती वर्षांची आहे आणि ती मार्गदर्शकाच्या अनुदानावर अवलंबून आहे का, हे लेखी घे. प्राण्यांवर काम करण्याच्या परवानगीला महिने लागू शकतात, त्याचं प्रशिक्षण पहिल्याच आठवड्यात माग. लॅब बदलली तर व्हिसाचं काय होतं, हेही आधीच विचारून ठेव. मी विचारलं नव्हतं, आणि ते चार महिने फार भीतीत काढले.

दोघांची उत्तरं आली की मला पाठव. त्यांच्या पेपरांतली ऊतकांची चित्रं आपण मिळून बघू.