‘बबली’ आणि आपली चुलबुली

रामबागेतल्या एका काकूंचा प्रश्न: भाचीचं स्थळांसाठीचं परिचयपत्र मराठीत करायचंय. इंग्रजीत ‘बबली’, म्हणजे हसरी, उत्साहाने भरलेली, असं लिहिलंय, मराठीत काय लिहू? ‘चुलबुली’ लिहिलं, तर पुण्याच्या वहिनी खो खो हसल्या.

हसणारच हो! चुलबुली हिंदी. इंदूरला आपण मराठी बोलताबोलता ते कधी उचललं, कळलंही नाही. पण पुण्याच्या कानाला ‘चुळबुळ’ ऐकू येते. चुळबुळ म्हणजे एका जागी स्वस्थ न बसणं. कीर्तनाला नेलेलं पोर अर्ध्या तासात मांडी बदलतं, सतरंजीचे दोरे उपसतं, ती चुळबुळ. ‘मुलगी चुळबुळी आहे’ वाचून सासरची माणसं आधी डॉक्टरचा विचार करतील.

बबल म्हणजे बुडबुडा, पण तो इथे चालत नाही. मराठी बुडबुडा फुटण्यासाठीच प्रसिद्ध. इंग्रजीत मात्र आनंदी माणूस सोड्यासारखा फसफसतो. ‘एबुलियंट’ हा त्याच अर्थाचा भारदस्त शब्द. लॅटिनमध्ये ‘बुलिरे’ म्हणजे उकळणं, ‘बॉइल’ही तिथलाच. ‘एफरव्हेसंट’, म्हणजे फसफसणारा, त्याच्याही मुळाशी उकळणंच.

आणि आपल्याकडे? आनंदाच्या उकळ्या फुटतात! सराफ्यात रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की कढया चढतात. तिथे दुधाकडे जरा बघत उभ्या राहा. वर साय शांत असते, मग ती एका जागी फुगते आणि खालून उकळी फुटते. आपल्या उकळ्या अशा सायीखालच्या. बहुतेक वेळा ‘मनातल्या मनात’च फुटतात. बाहेर आल्या की आपण लगेच टोमणा मारतो, ‘काय, उत्साह उतू चाललाय!’ म्हणून हा वाक्प्रचार बबलीच्या अगदी जवळ येऊनही कामाचा नाही.

आनंदी, उत्साही माणसासाठीच्या बाकीच्या इंग्रजी शब्दांचीही हीच गत. ‘पेपी’तला पेप म्हणजे पेपर, आपली मिरी. पण तिखट मुलगी म्हटलं की आपल्याला जीभच आठवते. ‘जोव्हियल’ जोव्हचा, म्हणजे गुरू ग्रहाचा. त्यांचा गुरू माणसाला हसवतो, आपला पोथी हातात देतो. ‘फुल ऑफ बीन्स’चा संबंध घोड्यांच्या खुराकाशी जोडतात. होळकरांच्या गावात चंदी खाऊन उधळलेला घोडा समजावून सांगायला नको, पण परिचयपत्रात नको.

मराठी अशा वेळी झाडांकडे जाते: टवटवीत, प्रफुल्ल, सळसळतं चैतन्य. छान शब्द आहेत, पण ‘टवटवीत’ भाजीलाही लागतो आणि ‘प्रफुल्ल’ मुलाचं नाव वाटतं.

मी ‘हसतमुख आणि बोलकी’ लिहीन. ‘बडबडी’ नको, ते लग्नानंतर कळेलच. घरात मात्र खुशाल चुलबुली म्हणा. इंदूरला तुमची भाची कोणालाच चुळबुळी वाटणार नाही.