एनर्जीप्लस शिकायचंय? आधी एकच खोली घे

भावा, एनर्जीप्लस म्हणजे बिल्डिंग किती तापते, किती वीज खाते हे कॉम्प्युटरवर काढायचा प्रोग्रॅम, आणि त्यात तू डायरेक्ट चार मजली बिल्डिंगचं मॉडेल करायला बसलायस ते आधी बंद कर. सांगलीत विश्रामबागेतल्या तुझ्याच घराची वरची खोली घे, स्लॅबखालची, एप्रिलमध्ये रात्री अकराला पण तापलेली असते ती. एक झोन (म्हणजे एकाच तापमानाची धरलेली जागा), चार भिंती, एक खिडकी, बास.

एनर्जीप्लस फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पण त्याला स्वतःचा असा ड्रॉइंगचा स्क्रीन नाही, बिल्डिंगची माहिती आयडीएफमध्ये लिहायची, ती साधी टेक्स्ट फाईल असते, नोटपॅडमध्ये उघडून वाच एकदा, कंटाळा आला तरी वाच. मग पायथनमध्ये एप्पी टाक, म्हणजे आयडीएफ कोडमधून वाचायची-बदलायची लायब्ररी. एप्पीला आयडीडी फाईल, म्हणजे आयडीएफमध्ये काय काय लिहिता येतं त्याची यादी, दाखवावी लागते आणि तिचं व्हर्जन आयडीएफशी जुळायला पाहिजे, निम्मे नवशिके इथंच अडकतात.

युनिट बघ, सगळं मीटरमध्ये. मी नऊ इंची भिंत 0.23 लिहायच्या ऐवजी 0.9 लिहिली, प्रोग्रॅमनं काय तक्रार केली नाही, खोली दुपारी मस्त गार, मी दोन दिवस खूष! वाड्याची भिंत झाली होती ती. कन्स्ट्रक्शनमध्ये, म्हणजे भिंत-स्लॅब कशाकशाचे ते सांगतो तिथं, थर बाहेरून आत लिहायचे, हे पण उलटं करतात लोक.

रन झाला की ग्राफ नंतर, आधी ईआरआर फाईल, म्हणजे चुकांची यादी, उघड आणि त्यात सिव्हिअर (गंभीर चूक) हा शब्द शोध. वेदर फाईलमध्ये वर्षाचे 8760 तास असतात, पण ते कुठल्या गावचे ते बघ की, मुंबईची दमट हवा सांगलीला लावून काय उपयोग.

ही खोली जमली की फॉर लूप लावून स्लॅबवर पांढरा रंग, इन्सुलेशन, छज्जा असं एकेक बदलून बघ, खरी मजा तिथंच आहे.