झाड पडताना बघायचं कुठे? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात झाड पाडताना खाच (ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूने बुंध्यात घेतलेला पहिला काप) कशी घ्यायची ते लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आली की संपादकांनी यावेळी दोन पानं जास्तीची दिलीत. गंमत म्हणजे बऱ्याच पत्रांत प्रश्न शेवटच्या ओळीत आणि वरती सगळी "असं झालं माझं" ची कहाणी. मला तेच आवडतं, कारण या कामात माणूस पुस्तकातून कमी आणि थोडक्यात बचावल्यावर जास्त शिकतो. सगळी छापणं शक्य नाही, काही निवडलीत.

दादा, एक वाळलेलं झाड पाडायला घेतलं. खाच नीट घेतली, मागून काप दिला, झाड झुकलं आणि शेजारच्या झाडाच्या दुबेळक्यात जाऊन अडकलं. अर्धा तास वाट बघितली, हलेना. मग भाऊ म्हणाला बुडाकडून एकेक तुकडा कापत जाऊ, आपोआप खाली येईल. तिसऱ्या तुकड्याला बुडखा असा काही सरकला की थेट माझ्या बुटावर. पुढे स्टीलची टोपी होती म्हणून बोटं शाबूत आहेत. आमचं चुकलं कुठे?

आधी बोटांचं अभिनंदन. आणि भावाला सांगा, त्याची आयडिया नवीन नाही, अडकलेलं झाड बघितलं की प्रत्येकाला हीच सुचते आणि माणसं दबतात तीही यातच.

काय होतं बघा. अडकलेलं झाड दोन ठिकाणी टेकलेलं असतं, बुड जमिनीवर आणि शेंडा दुसऱ्या झाडात. तुम्ही खालून तुकडा काढला की बुड धप्पकन खाली येतं आणि झाड आधीपेक्षा जास्त उभं होतं. दुसरा काढला की अजून उभं. तिसऱ्याला ते जवळपास सरळ उभं राहिलेलं असतं, खाली मूळ नाही, बिजागरी (खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये न कापता ठेवलेलं लाकूड) नाही, नुसता टेकलेला खांब, आता तो कुठेही जाईल, तुमच्याकडेसुद्धा. आणि वजनाचा अंदाज आपल्याला खरंच नसतो हो. अर्धा मीटर जाडीचा ३ मीटर लांब ओला ओंडका पाचशे किलोच्या आसपास भरतो, जातीप्रमाणे कमीजास्त. तुमचं वाळलेलं होतं म्हणून जरा हलकं, एवढाच काय तो फरक.

मग करायचं काय, तर पहिलं म्हणजे मशीन, म्हणजे चेन सॉ, बंद करून लांब जायचं, आणि बाकीच्यांनाही त्याच्या खालून जाऊ द्यायचं नाही. लहान झाड असेल तर लांब दांड्याच्या आकड्याने बुंधा जागेवरच फिरवून सोडवता येतो. मोठं असेल तर विंचने (केबल गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) बुड मागे ओढायचं, तेही झाडाच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावरून, आणि ताणलेल्या केबलच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, केबल तुटली तर ती झाडापेक्षा वाईट. यातलं काहीच नसेल तर चारी बाजूंनी दोरी बांधा, पाटी लावा आणि जाणत्या माणसाला बोलवा, एक रात्र अडकून राहिलं तर काही बिघडत नाही. ज्या झाडाने धरून ठेवलंय ते कापायचं नाही, वर चढायचं नाही, आणि दुसरं झाड त्याच्यावर पाडून याला खाली आणू असलं काही तर डोक्यातही आणायचं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, चुकलं कुठे. खाच घ्यायच्या आधीच चुकलं, वर बघितलं नाहीत. झाड पडायची वाट मोकळी आहे का, कुठली फांदी गुंतलीये, कुठे वेल दोन झाडांना बांधून बसलाय, हे मशीन चालू करायच्या आधी चारी बाजूंनी फिरून बघायचं. त्यात वाळलेलं झाड म्हणजे दुप्पट भानगड. ओल्या झाडाचे धागे बिजागरीसारखे वाकतात आणि झाडाला दिशा देतात, वाळलेल्याचे धागे कडकन तुटतात आणि झाड मनाला येईल तिकडे वळतं. शिवाय पाचर ठोकताना बसणारा प्रत्येक दणका शेंड्यापर्यंत जातो आणि वरची सुकी फांदी सुटून सरळ डोक्यात येते. म्हणून दोन घाव घातले की एकदा वर बघायचं, परत दोन घाव, परत वर.

पुढे कललेलं झाड कापत होतो. काप अर्ध्यावरही नव्हता आला, तेवढ्यात फाडकन आवाज झाला आणि बुंधा उभाच्या उभा चिरला, मागची अर्धी फळी उसळून वर गेली. मी बाजूला होतो म्हणून हे पत्र लिहितोय. चेन बोथट झाली होती का?

चेनचा संबंध थोडा आहे, पण मुख्य कारण ते नाही. हे पत्र वाचून मला घाम फुटला कारण माझ्याबाबतीत हेच झालंय आणि तेव्हा मी स्वतःला लई मोठा मिस्त्री समजायचो.

माझं झाड मांडीपेक्षा थोडं जाड, म्हणजे काही मोठं नाहीच, पण सगळा शेंडा एकाच बाजूला ओणवा. मी नेहमीसारखी पुढून खाच घेतली, मागून काप सुरू केला. काप थोडासाच आत गेला असेल, तेवढ्यात लाकडातून बारीक टिकटिक यायला लागली, कोणी बोटं मोडावीत तशी. मला वाटलं, आता पडतंय, जरा जोर लावू. आणि एकदम बुंधा मधोमध फाटला, मागची बाजू माझ्या डोक्याच्याही वर जाऊन तिथे क्षणभर लटकली आणि मग ज्या जागी माझं डोकं होतं तिथे येऊन आदळली. मी तिथे नव्हतो याचं कारण हुशारी नाही, काप देताना माझा पाय ओल्या सालीवरून घसरला होता आणि मी आधीच एका बाजूला बसल्यासारखा झालो होतो. त्या दिवशी परत मशीनला हात लावला नाही.

कारण सांगतो. कललेल्या झाडाची मागची बाजू धनुष्याच्या दोरीसारखी ताणलेली असते. तुम्ही मागून कापत आलात की उरलेल्या लाकडावर सगळं वजन येतं, बिजागरी अजून जाड असते त्यामुळे ती वाकत नाही, झाडाला तर पडायचंय, मग धागे आडवे तुटण्याऐवजी उभे फाटतात. हळूहळू कापलं तर फाटायला आणखी वेळ मिळतो, म्हणून बोथट चेन वाईट, एवढाच तिचा संबंध.

यावर उपाय म्हणजे मागून कापायचंच नाही. पुढे खाच घ्यायची, मग बिजागरीच्या मागे बाजूने मशीनचा बार, म्हणजे ज्याच्याभोवती चेन फिरते ते लांब पातं, बुंध्यात आरपार घालायचा आणि तिथून मागच्या दिशेने कापत यायचं, पण मागची सालीकडची एक पट्टी तशीच ठेवायची. आता बिजागरी हवी तेवढी, म्हणजे बुंध्याच्या व्यासाच्या साधारण एक दशांश जाडीची, तयार आहे आणि झाड त्या पट्टीवर धरून आहे. आजूबाजूला बघा, पळायची वाट बघा, आणि मगच बाहेरून पट्टी तोडा. झाड एकदम जातं, फाटायला त्याला वेळच मिळत नाही. फक्त एक, बार टोकाकडून आत घालणं हे शिकल्याशिवाय करायचं काम नाही, का ते पुढच्या उत्तरात आहे. पहिल्यांदा येणाऱ्याने आडव्या पडलेल्या ओंडक्यावर सराव करावा.

आणि पळायची वाट सरळ मागे नसते बरं का, तिरकी मागे, दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशात. बुंध्याच्या बरोबर मागची जागा सगळ्यात वाईट.

फांद्या साफ करताना चेन सॉ अचानक उलटी तोंडाकडे आली. ब्रेक लागला, काही झालं नाही. पण मी तर नीट धरली होती, मग असं का?

बारचं जे नाक असतं त्याचा वरचा अर्धा भाग कशालाही टेकला की हे होतं. तुम्ही कापत होतात समोरची फांदी, आणि नाक लागलं असणार पलीकडच्या, जी तुम्हाला दिसतही नव्हती. पूर्ण थ्रॉटलला चेन सेकंदाला २० मीटरच्या वर पळते, तिथे दात अडकला की तो सगळा वेग बार वर आणि मागे फेकण्यात जातो, आपल्याला कळेपर्यंत होऊनही गेलेलं असतं. म्हणून "मी सावध असतो" याला इथे अर्थ नाही. डावा अंगठा पुढच्या हँडलच्या खालून पूर्ण गुंडाळलेला पाहिजे (निम्मे लोक तो वर ठेवतात, फोटोत छान दिसतं), डावं कोपर ताठ, आणि डोकं बारच्या रेषेत नको. खांद्याच्या वर मशीन उचलून कापायचं नाही, शिडीवरून तर अजिबातच नाही. आणि ज्या ब्रेकने तुम्हाला वाचवलं तो रोज काम सुरू करताना तपासा, भुशाने तो जाम होतो.

आरा मशीनवर हातमोजे घालावेत का?

फिरत्या पात्याजवळ नाही. उघड्या हाताला पातं लागलं तर चिरतं, मोज्याचं टोक लागलं तर मोजा अडकून आख्खा हात आत जातो. लोंबत्या बाह्या, गळ्यातला रुमाल, दोऱ्या सगळ्याला हेच लागू. पातं बदलताना मात्र जाड मोजे हवेतच, आणि चष्मा पण.

जुना बुंधा बँडसॉवर (चाकांवर फिरणाऱ्या पट्ट्यासारख्या पात्याच्या आऱ्यावर) चढवला आणि तिसऱ्या फळीला पातं तुटलं. आत खिळा निघाला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, मग ओळखायचं कसं?

खिळा ठोकल्यावर झाड त्याच्याभोवती वाढत जातं आणि काही वर्षांत गिळूनच टाकतं. कुंपणाची तार, झोक्याची कडी, पाटीचा खिळा, हे सगळं माणसाचा हात पोचतो त्या उंचीत, म्हणजे बुडाकडच्या दीड-दोन मीटरमध्ये. घराजवळचं किंवा बांधावरचं झाड असेल तर तो भाग संशयितच धरा. कापलेल्या टोकावर निळसर-काळा डाग दिसला की थांबा, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आलं की शाई सांडल्यासारखा हा डाग पडतो आणि धाग्यांच्या दिशेने लांबत जातो. पण प्रत्येक जातीत तो दिसेलच असं नाही, म्हणून हातातला मेटल डिटेक्टर सगळ्यात बरा, पाती तोडत बसण्यापेक्षा स्वस्त पडतो.

तुम्ही पातं तुटल्याचं लिहिलंय पण पुढे काय केलं ते नाही लिहिलं, आणि मला काळजी त्याचीच आहे. तुटल्यावर पहिली इच्छा होते ती झाकण उघडून बघायची. नका करू. मोटर बंद केली तरी चाकं फिरत राहतात, पात्याचा तुकडा आत वेटोळा होऊन अडकलेला असतो आणि झाकण उघडलं की स्प्रिंगसारखा बाहेर येतो. चाकं पूर्ण थांबू द्या, मेन स्विच काढा, शक्य असेल तर त्याला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा, कारण मदतनीस नेहमी चांगल्या हेतूनेच स्विच चालू करतो.

वादळात उन्मळून पडलेलं झाड आहे, मुळांसकट. हे तर आधीच पडलेलं, म्हणजे सोपं ना?

उलट. मुळांची ती उभी राहिलेली थाळी मातीसकट टनावारी वजनाची असते आणि तिला तशी उभी धरून ठेवणारा बहुतेक तो आडवा बुंधाच असतो. बुंधा कापला की थाळी झाकणासारखी परत खड्ड्यात बसू शकते, किंवा तुमच्या अंगावर पुढे येऊ शकते. त्या खड्ड्यात मुलं खेळतात, जनावरं बसतात, कधी आपलाच माणूस सावलीला उभा असतो. कापायच्या आधी खड्डा स्वतः जाऊन बघा आणि कोणाला तरी तिथे लक्ष द्यायला लांब उभं करा. थाळीला आधी विंचने बांधून घेतलं तर उत्तमच.

आणि आडव्या खोडात एक बाजू दाबलेली, एक ताणलेली असते. दाबलेल्या बाजूने थोडंसं कापायचं, मग ताणलेल्या बाजूने पूर्ण करायचं. उलटं केलंत तर एकतर बार अडकतो नाहीतर खोड फाटून उसळतं. कुठली बाजू कुठली हे कळत नसेल तर कापू नका, इतकं सरळ.

भुशाने नाक सारखं चोंदतं. मास्क लावायचा का?

लावायचाच, आणि रुमाल नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलीये, नाकाच्या पोकळीच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. भुसा झाडूने उडवत बसू नका, ओढून घेणारी मशीन लावा.

माझे मिस्टर एकटेच लाकडं पाडायला जातात. सांगितलं तर म्हणतात, एवढी वर्षं काही झालं का? मी काय करू?

ताई, ज्यांना झालं त्यांनाही आदल्या दिवसापर्यंत काही झालेलं नसतं, पण हे त्यांना ऐकवून भांडण लावू नका. मी एकटा चेन सॉ चालवत नाही, दुसरा माणूस कापायला नाही तर नुसता बसायला का होईना बरोबर असतो, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर. ते नाहीच ऐकले तर निदान तीन गोष्टी पदरात पाडून घ्या. कुठल्या जागी चाललेत आणि किती वाजता फोन करणार हे सांगून जायचं, फोन आला नाही तर तुम्ही वाट न बघता माणसं पाठवायची. पायाला चेन सॉची संरक्षक पँट, जिच्यातले धागे चेनमध्ये गुंतून ती थांबवतात. आणि रक्त थांबवायचं पाकीट, त्यात दाबून धरायला जाड पट्टी आणि जखमेच्या वर घट्ट आवळायचा पट्टा, म्हणजे टूर्निके, तो एका हाताने कसा लावायचा हे दोघांनी घरी बसून करून बघा. हे पाकीट कमरेला बांधायचं, गाडीत ठेवायचं नाही. मांडीची मोठी रक्तवाहिनी कापली गेली तर हातात मोजकी मिनिटं असतात आणि गाडी तर पार खाली रस्त्यावर लावलेली असते.

मिस्टरांना हे पान तसंच वाचायला द्या. चिडले तर माझं नाव सांगा, मला पत्र लिहू देत, ओल्या सालीवरून घसरलो त्या दिवसाबद्दल आणखी सविस्तर सांगतो.